दारावरचं इंग्रजी

माझ्या नणंदेला इंग्रजी येत होतं आणि मला येत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवरून मी तिचा जन्मभर हेवा केला. आता आम्हा दोघींचेही दात पडलेत, हेवा मात्र जागचा हललेला नाही. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. निवळत असेल एखादं. मी निवळले नाही आणि निवळल्याचं सोंगही मला आणता येत नाही.

साखऱ्याहून लग्न होऊन मी सेनगावला आले, तेव्हा सेनगाव आताएवढं नव्हतं. सासर शेतकऱ्याचं. कापूस, ज्वारी, तूर, आणि पाऊस देईल तेवढं. घरात सासरे, सासूबाई, हे, आणि ह्यांची धाकटी बहीण. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. नणंदेला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. ती माझ्यापेक्षा थोडी लहान, रंगानं उजळ, आणि कामाला हात लावताना आधी हाताकडे बघणारी.

हे हिंगोलीला शाळेत इंग्रजी शिकवत. राज्य निजामाचं, शाळेतली भाषा उर्दू, पण इंग्रजीचा तास वेगळा असे. सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी शाळा सुटली की हे सायकलवर टांग टाकत. वाटेत कयाधू लागे, पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन यावं लागे. घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असत. शुक्रवारी दुपार कलली की परत हिंगोली. आठवड्यातून एवढाच नवरा माझ्या वाट्याला यायचा, आणि त्यातही वाटेकरी होते.

पहिला वाटेकरी कापूस. वेचणी सुरू झाली की कापूस घरात येऊन पडे, आणि तो ठेवायला कोरडी, उंदरं न लागलेली खोली घरात एकच होती. ती आमची. सासरे भाव चढायची वाट बघत बसत. भाव चढेपर्यंत आमच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, मी आत्याबाईंच्या शेजारी अंथरुणावर, आणि हे ओसरीवर सासऱ्यांच्या शेजारी. दिवाळीपासून शिवरातीपर्यंत माझा संसार त्या कापसाखाली दाबलेला असे. आत दिवा न्यायची बंदी, त्यामुळे दार सदा लावलेलं. मी येता-जाता त्या दाराकडे बघून दात-ओठ खाई.

दुसरी वाटेकरीण बाई.

तिचं लग्न ठरत होतं. पैनगंगेच्या पलीकडे, वाशीमला. पलीकडे म्हणजे इंग्रजी मुलूख. मुलगा तिथं सरकी काढायच्या कारखान्यात कारकून होता. माणूस निर्व्यसनी, शेतीवाडी बरी, पण त्याला एक खूळ होतं. बायकोला इंग्रजीत चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत. साहेबासारखं बोलायला नको, रोजचं लिहिता आलं म्हणजे झालं. लग्नाआधी मी एक इंग्रजी पत्र पाठवीन, त्याचं उत्तर मुलीनं आपल्या हातानं लिहायचं, असा निरोप त्यानं मध्यस्थाकडे दिला. सासरे आधी चिडले. म्हणाले, "पोरगी पाह्यजे का मुनशी पाह्यजे त्याला?" पण स्थळ सोडवेना. शेवटी ह्यांना हुकूम झाला की दर खेपेला येऊन बहिणीला शिकवायचं.

झालं. गुरुवारी रात्रीची जेवणं उरकली की शिकवणी. शुक्रवारी न्याहारी झाली की शिकवणी. आणि लिहायला फळा कुठला? तर आमच्या खोलीचं दार. दर वर्षी तेल-काजळी चोपडून ते काळंभोर केलेलं असे. ह्यांना शाळेची सवय, खडू बरोबर असेच. एका गुरुवारी सरळ दारावर लिहायलाच लागले. माझ्या खोलीच्या दारावर, माझा नवरा, दुसरीसाठी लिहितोय. ती दुसरी त्याची सख्खी बहीण होती हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हेव्याला नातं बघायची सवय नसते.

आता हेही सांगायला हवं की आमच्या घरात नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांदेखत बोलायची रीत नव्हती. पाणी हवं असलं तर हे हवेत बघून म्हणत, "पाणी आणा म्हणावं." मी घुंगट सावरून तांब्या ठेवी. भाजीत मीठ कमी झालं तर आत्याबाईंकडे बघून सांगत, आणि आत्याबाई ते माझ्याकडे वळवत. आमचं सगळं बोलणं असं तिसऱ्याच्या अंगणातून फिरून यायचं. उलट बाईशी ते तास तास बोलत. हसत. तिचं चुकलं की डोक्यावर टपली मारत. मी चुलीपुढं बसून भाकरी थापी, पाठ त्यांच्याकडे, पण कान मात्र दारापाशी.

कानावर पडून पडून मलाही थोडं समजायला लागलं. हे तिला सांगत, "आपल्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत तसं चालत न्हाई. आधी कोण करतं ते, मंग काय करतं ते, अन् मंग बाकीचं." मला ते ऐकून आश्चर्य वाटलं. कारण आपल्या बोलण्यात सुनेला एक सोय आहे. 'मी या संक्रांतीला माहेरी' एवढं बोलून थांबायचं, सासूच्या कपाळाकडे बघायचं, आणि मग 'जाते' म्हणायचं की 'जात न्हाई' ते ठरवायचं. इंग्रजीत म्हणे ही सोय नाही. करणाऱ्यानं सुरुवातीलाच उभं राहायचं आणि काय करणार ते लगेच सांगून टाकायचं. असली भाषा बोलणाऱ्या सुना नांदतात कशा, याचाच मी विचार करत बसे. तेवढ्यात तव्यावरची भाकर करपे. ती का करपली हे आत्याबाई विचारत, आणि मी म्हणे, "करपली." कोणी करपवली ते आपल्या भाषेत सांगावं लागत नाही.

बाईचं पहिलं वाक्य सगळ्या घरानं ऐकलं. 'आय रोटी ईट' असं काहीतरी तिनं लिहिलं. हे पोट धरून हसले. म्हणाले, "क्रियापद मागं बसून राहिलं की गं तुजं. त्याला उठव, पुढं आण." मग बाईनं ओल्या बोटानं ते पुसलं आणि पुढं आणलं. सासऱ्यांनासुद्धा कौतुक. ते सुपारी कातरत बसून ऐकत. एकदा हे अर्जातली ठरावीक वाक्यं शिकवत होते. साहेबाला लिहायचं तर 'आय बेग टू' अशी सुरुवात करायची. सासऱ्यांनी अर्थ विचारला. हे म्हणाले, "मी भीक मागून सांगतो की, असा."

"काहून?" सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "आपलंच काम, आपलाच कागद, अन् भीक मागायची काहून?"

"रीत हाय तशी."

"मंग ती रीत आपल्या बाईला शिकवू नको. तिला नवऱ्याला लिहायचं हाय, साहेबाला न्हाई."

मला तर वाटलं, ते एकच वाक्य मला शिकवा. मला मागायचंच होतं.

काय मागायचं होतं ते साधं होतं. मला हिंगोलीला जायचं होतं. हे तिथं एका खोलीत राहत आणि खानावळीत जेवत. शाळेतल्या दोघा-तिघा मास्तरांनी तिथं बिऱ्हाडं केली होती. माझ्या माहेरची एक मैत्रीण अशीच नवऱ्याच्या नोकरीच्या गावी गेली होती. ती भेटली की तिच्या दोन पातेल्यांचं नि एका शेगडीचं वर्णन असं करी, की आमच्या घरातली तांब्याची घंगाळं मला खोटी वाटायला लागत. मला दोन पातेली हवी होती. रोजचा नवरा हवा होता. हे मी कोणाला सांगणार? सुनेनं आपण होऊन 'मला न्या' म्हणणं म्हणजे म्हाताऱ्यांना टाकून निघाली, असा गावभर बोभाटा. ते नवऱ्यानं म्हणायचं असतं. मी वाट बघत होते की हे कधी म्हणतात. हे म्हणत नव्हते. हे दारावर लिहीत होते.

वाक्यांमध्ये घरातलीच माणसं असत. बा शेतात जातो. माय ताक करते. मांजर कापसावर झोपतं. अधूनमधून 'वाइफ' असा शब्द येई आणि बाई खुदकन हसून माझ्याकडे बघे. वाइफ म्हणजे बायको, एवढं मला माहीत झालं होतं. मी समजले की हे माझ्या आळसाची नाहीतर करपलेल्या भाकरीची वाक्यं करून बहिणीला हसवतायत. अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या माणसानं वर्षभरात माझ्याशी सरळ चार गोष्टी केल्या नव्हत्या, तो माझी वाक्यं करून दारावर टांगत होता, आणि ती वाचायची मुभा दुसरीला होती.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. शुक्रवार लक्ष्मीचा. दिवेलागणीला दारं-उंबरे स्वच्छ हवेत, लिहिलेल्या अक्षरावरून लक्ष्मी येत नाही, असं आत्याबाईंचं म्हणणं. म्हणून हे सायकलवर बसून गेले की मी ओलं फडकं घेऊन दार पुसायचं, असं ठरून गेलं होतं. ते काम मी असं मन लावून करी की काय सांगू. आधी नुसत्या पाण्यानं पुसत असे, मग राखेनं घासायला लागले. 'वाइफ'ची अक्षरं कुठली ते मला ओळखता येत नव्हतं, पण कुठंतरी असणारच, म्हणून एकही कोपरा सोडत नसे. आत्याबाई कौतुकानं म्हणत, "दार चकचकीत ठिवती माझी सून."

इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती. खरं तर तेव्हा मराठीही येत नव्हती. ती मी पुढं माझ्या लेकरांच्या पाटीवरून उचलली. पण एक चिन्ह मला डोळ्यांनी पाठ झालं. कानातल्या बाळीसारखं वळण आणि त्याच्याखाली एक ठिपका. हे बाईला म्हणाले होते, "प्रश्न विचारायचा असला की मदतीचं क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढं येतं, अन् शेवटी ही बाळी." त्या दिवसापासून ती बाळी दिसली की मला कळे, इथं काहीतरी विचारलंय.

पौषातली गोष्ट असेल. त्या शुक्रवारी शिकवणी झाली, दारावरचं सगळं ह्यांनी स्वतःच हातानं पुसलं, आणि मग एकच ओळ लिहिली. मोठ्या अक्षरात, मधोमध. शेवटी बाळी. बाईला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. बाईनं मान डोलावली. जाताना हे सायकल धरून अंगणात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, चाकाला हवा आहे का ते उगीच दाबून बघत राहिले. मग गेले.

मी फडकं घेऊन दारापाशी आले. एकच ओळ आणि एक बाळी. एवढं महत्त्वाचं काय विचारलंय बहिणीला? मला तर आजवर एकदाही काही विचारलं नाही. जेवलीस का हेसुद्धा नाही. मी मागं वळून बघितलं. बाई ओसरीच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई, वैनी," ती म्हणाली.

मी आधी ती बाळी पुसली. मग बाकीचं.

पुढच्या गुरुवारी हे आले. सायकल भिंतीला लावायच्या आधी त्यांनी दाराकडे बघितलं, एवढं मला आठवतं. त्या रात्री जेवताना मीठ कमी म्हणून कोणाकडे बघून सांगितलंही नाही. शुक्रवारी निघताना पुन्हा तीच ओळ लिहिली. ती तीच होती हे मला तिच्या आकारावरून कळलं. आखूड आखूड शब्द, मग एक लांबट, पुन्हा आखूड, आणि शेवटी बाळी. मी पुन्हा पुसली. या वेळी जास्तच रागानं पुसली, खाली काजळीचा थर निघाला इतकी. त्यानंतर ती ओळ दारावर कधी आली नाही. दारावर बा पुन्हा शेतात जायला लागला आणि मांजर कापसावर झोपायला लागलं. 'वाइफ' मात्र गेली. बाईही मग माझ्याकडे बघून हसेनाशी झाली. मला वाटलं, चला, निदान माझी थट्टा तरी थांबली.

वाशीमहून पत्र आलं, बाईनं उत्तर लिहिलं, ते पसंत पडलं. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल अशी आशा करते, इकडे थंडी आहे, अशी ती वाक्यं. कोण, काय करतं, आणि मग बाकीचं. सासऱ्यांनी पेढे वाटले. लग्न वैशाखात झालं. तिला निरोप देताना सगळ्या बायका रडल्या. मीही रडले, पण आतून मला सण झाला होता. आता कापूस विकला गेला होता, बाई गेली होती, खोली माझी होती आणि नवराही माझाच होता.

पण नवरा काही माझ्याकडे आला नाही. म्हणजे खोलीत आला, हिंगोलीला नेणार असं मात्र कधीच म्हणाला नाही. बोलणं अगदी कामापुरतं, परक्या बाईशी जपून बोलावं तसं. मी मनाशी म्हटलं, न्यायचं असतं तर नेलं असतं. ज्याला नको आहे त्याच्यापुढं पदर पसरायचा माझा स्वभाव नाही. हे दर गुरुवारी येत राहिले, मी दर शुक्रवारी दार पुसत राहिले, दारावर काही नसलं तरी. दोन लेकरं झाली. सासरे गेले. हिंगोलीच्या खानावळीतलं जेवण खाऊन ह्यांना पोटाचं दुखणं जडलं. मी इथं भाकरी थापत होते आणि ते तिथं पोट धरून बसत होते. असं किती वर्षं चाललं ते मोजलं तर आणखी राग येईल, म्हणून मी मोजत नाही.

मग निजामाच्या राज्यातलं शेवटचं, धामधुमीचं साल आलं. गावात रात्री दिवे लावायची चोरी झाली, शाळा बंद पडल्या, बाजार उठले. जो तो उठून पैनगंगेपलीकडे निघाला. ह्यांनी आम्हाला बैलगाडीत घातलं. आत्याबाई, मी आणि लेकरं वाशीमला बाईच्या घरी, आणि हे मागं राहिलेल्या माणसांसाठी सरहद्दीवर. निघताना आत्याबाईंना म्हणाले, "तकलीफ होईल थोडी. सांभाळून ऱ्हावा." ते माझ्यासाठीही होतं असं मी मानलं.

वाशीमला बाईचा थाट बघून माझं जुनं दुखणं पुन्हा उठलं. आमच्याकडून आलेल्या माणसांची तिच्या ओसरीवर रांग लागे. कोणाला धान्याचा अर्ज हवा, कोणाला पलीकडे राहिलेल्या गुरांसाठी. बाई मांडी घालून बसे आणि टाक चालवी. ती आता भीक मागून सांगणारी वाक्यंसुद्धा लिहायला शिकली होती. बाया तिच्या पायाशी भाजी आणून ठेवत. "वैनी, आलेल्यांना चा द्या," ती मला सांगे, आणि मी चहा देई. आमच्या घरी ती लेक होती, तिच्या घरी मी चहा देणारी झाले.

एका दुपारी आम्ही दोघी आत तूर पाखडत होतो. आत्याबाई पलीकडे आडव्या झाल्या होत्या. बाईची मुलगी पाटीवर काहीतरी गिरवून दाखवायला घेऊन आली. शेवटी बाळी. बघताच माझ्या तोंडून गेलं, "व्हय, हे मला ठाऊक हाय. तुझ्या मामानं आयुष्यभर तुझ्या मायलाच सवाल केले. मला घासायला दार दिलं."

बाईचा हात सुपावर थांबला. तिनं मुलीला बाहेर पाठवलं.

"वैनी, असं बोलू नका."

"काहून नको बोलू? खोटं हाय?"

"खोटंच हाय." ती एकदम चिडली. चिडली म्हणूनच बोलली, नाहीतर ते तिच्याबरोबरच जळून गेलं असतं. "तो सवाल मला नव्हताच. तुमाला होता. भाऊनं लिहिलं होतं, माझ्यासंगं हिंगोलीला येशील का. मला म्हणाला, वैनीला सांग. यायचं असलं तर दारावरचं पुसू नको म्हणावं. पुसलं तर मी समजून घेईन, मायबापांपुढं तमाशा नको. दोनदा लिहिलं त्यानं. अन् तुमी दोनदा पुसलं. राख लावून पुसलं."

तुरीचे दाणे सुपात तसेच पडून होते. मग मी विचारलं, "अन् तू मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी गेल्या असत्या तर भाऊ गुरुवारी कशाला आला असता? मला कोण शिकवणार होतं? माझं लग्न त्या चार ओळींवर लटकलं होतं. मला वाटलं, लग्न झालं की सांगीन. मंग सांगायची लाज वाटली. मंग तुमाला लेकरं झाली." तिनं डोळे पुसले. "आधीची वाक्यंबी तुमचीच असायची. वाइफनं आज जांभळं लुगडं नेसलंय. वाइफ बोलत न्हाई पण हसती. मी वाचायची अन् मला तुमचा हेवा वाटायचा. माझ्यावर कोण असं लिहिणार होतं? ज्याला पाह्यलं न्हाई त्याला मी थंडी पडली म्हणून लिहीत होते."

तिला माझा हेवा वाटायचा, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की माझ्या नवऱ्यानं माझ्याविषयी जे काही म्हटलं ते सगळं हिच्या डोक्यात आहे, आणि माझ्याकडे त्यातलं फडकंभर काजळीसुद्धा नाही. मी उठून विहिरीवर गेले आणि कारण नसताना दोन घागरी पाणी ओढलं.

गणपती बसले, आणि थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य संपल्याची बातमी आली. वाशीमच्या रस्त्यावर लोक नाचले. पुढच्या आठवड्यात हे आम्हाला न्यायला आले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. ओसरीवर आत्याबाई, बाई, बाईचा नवरा, शेजारचे दोघं-तिघं. हे पाणी प्यायले आणि आत्याबाईंना म्हणाले, "माय, सेनगावला सगळं बराबर हाय. उद्या गाडी करतो. तुमाला सोडून मी हिंगोलीला जाईन, शाळा उघडून राहिली."

मी दाराआड उभी होते. तिथून बाहेर आले. पदर होता तसा राहू दिला. सगळ्यांच्या देखत ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मला हिंगोलीला यायचं हाय."

आत्याबाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. ह्यांना आधी कळेचना की मी कोणाशी बोलतेय. त्यांनी मागं वळून बघितलं.

मग हळू म्हणाले, "मी विचारलं होतं की. दोनदा."

"मला वाचता येत न्हवतं."

"मंग पुसलं काहून?"

"शुक्रवारी दार पुसायचं काम माझं होतं."

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. "पण तुला निरोप धाडला होता मी."

इथं मला सोय होती. 'मला कळलं न्हाई' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आपल्या भाषेत करणाऱ्याचं नाव झाकून ठेवता येतं, आणि बाई खांबाला टेकून माझ्याकडे तशीच बघत होती, त्या पौषातल्या शुक्रवारी बघत होती तशी. पण इतकी वर्षं मी ह्यांच्या शिकवण्या फुकट ऐकल्या नव्हत्या. आधी कोण, मग काय.

"बाईनं मला सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

बाई आत निघून गेली. आत रडत होती म्हणे. रडू दे म्हटलं.

ह्यांनी मान वर केली, आणि आईसमोर, दाजींसमोर, शेजाऱ्यांसमोर, सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "येतीस?"

"येते."

आत्याबाई म्हणाल्या, "अन् मी? माझ्यापाशी कोन?" मला वाटलं, संपलं. आता हे नेहमीसारखे हवेत बघतील. तेवढ्यात बाई आतून आली, नाक लाल झालेलं, आणि म्हणाली, "माय, तू ऱ्हा माझ्यापाशी. दोन वर्षं ऱ्हा, पाह्यजे तर जन्मभर ऱ्हा. वैनीला जाऊ दे."

असा मला माझा संसार मिळाला. दोन पातेली, एक शेगडी, आणि पोटाच्या दुखण्याचा नवरा. त्याला ताक-भातावर आणून मी उभा केला. हिंगोलीत हे म्हणत, चल तुला इंग्रजी शिकवतो. मी म्हणे, मला आता काही विचारायचं असलं तर तोंडानं विचारा. हे विचारत. जेवलीस का, हेसुद्धा.

आता हे नाहीत. बाई अजून वर्षातून एकदा येते, जावयाच्या गाडीतून, काठी टेकत. मी तिला गरम पोळी वाढते, वर तूप सोडते, आणि दर वेळी विचारते, "दारावर आणखी काय काय होतं गं?" जांभळं लुगडं ती सांगते. बोलत नाही पण हसते, ते सांगते. त्याच्यापुढं ती पोळीचा तुकडा मोडते आणि म्हणते, "आता आठवत न्हाई, वैनी."

खरं असेल. पण मला वाटतं, तिला आठवतं.